मुलांकडून भुताची गोष्ट लिहून घेताय? या चुका टाळा

‘भुताची गोष्ट लिहा’ असं फळ्यावर लिहिलं की वर्गात एकच कल्ला होतो. मग वह्या तपासायला घ्याव्यात, तर वहीमागून वहीत अमावास्या, पडका वाडा, पांढरी साडी आणि शेवटी ‘तेवढ्यात आईने हाक मारली आणि मला जाग आली’! यात मुलांचा दोष नाही. विषयच तसा दिलेला असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे भुतापासून सुरुवात करणं. भूत दिसलं की भीती संपली. त्यापेक्षा ओळखीची जागा द्या आणि तिथली एकच गोष्ट बिघडवायला सांगा. शाळा सुटल्यानंतरचा वर्ग किंवा लाइट गेल्यावरचा जिना. चौथी-पाचवीला एक अट घाला: ‘भूत’, ‘भीती’ आणि ‘भयानक’ हे शब्द वापरायचे नाहीत. मुलं आधी कुरकुरतात, मग डोकं चालवतात. ‘मला खूप भीती वाटली’ खोडून ‘पंखा बंद होता, खिडक्या लावलेल्या होत्या. कॅलेंडरची पानं मात्र हलत होती’ असं लिहिलं की काम झालं.

स्वप्नाच्या शेवटावर नुसती बंदी घालून भागत नाही. गोष्टीतून बाहेर कसं पडायचं हे कळत नाही, म्हणून मूल झोपेतून उठतं. शेवटचं वाक्य आधी लिहून घ्या, उदाहरणार्थ ‘सकाळी चपला दारातच होत्या, पण ओल्या.’ आता त्या ओल्या कशा झाल्या, ते मागे जाऊन रचू दे.

पहिली-दुसरीला घाबरवायचंच कशाला? त्यांना भित्रं भूत द्या. ते कशाला घाबरतं, याचं चित्र आणि खाली दोन ओळी पुरेत.

सहावी-सातवीला भोपळा आणि झाडूवरची चेटकीण देणं ही हल्लीची फॅशन. हॅलोविन 31 ऑक्टोबरला खुशाल करा, पण आपल्याकडचा चकवा कथानक घेऊनच येतो: कितीही चाला, पुन्हा त्याच बांधावर. पिंपळावरचा मुंजा आहे, कोकणात देवचार आहे. घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचीक, त्यामुळे जराशा झुळकीनेही पानं सळसळतात. हे कारण गोष्टीत येऊ द्या आणि मग कारण न सापडणारी एकच गोष्ट शिल्लक ठेवायला सांगा.

नववीला याहून अवघड काम देता येतं. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, असं सांगतात. तिची गोष्ट तिच्याच तोंडून लिहा म्हटलं, की मुलं वेगळंच लिहायला लागतात.

एक बाब मात्र खपवून घेऊ नका. गावातलं खरं घर किंवा खरी बाई गोष्टीत ‘करणी करणारी’ म्हणून आली, तर नाव बदलून भागणार नाही. वर्गात बोलावंच लागेल. कुणावर असा आळ घेऊन छळ करणं हा महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

वातावरणनिर्मितीच्या नावाखाली दिवे घालवून आरडाओरडा करायची हौस आवरा. शेवटच्या तासाला हा उपक्रम नको. घाबरलेलं मूल तसंच घरी जातं. वाचून दाखवण्याची सक्ती नको. आणि ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलंय, त्याला दुसरा विषय द्या, तोही चारचौघांत नव्हे, आदल्या दिवशी बाजूला बोलावून.