बल्ब टिकवायच्या नादात या चुका टाळा

गोठ्यातला शंभर वॅटचा साधा, तारेचा बल्ब वारंवार उडायला लागला, की कोणीतरी हमखास सुचवतो: दोन बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकातून निघालेली वीज दुसऱ्यात जाईल असे, जोडा, वर्षानुवर्षं पाहायला नको. टिकतात, खोटं नाही. पण १०० वॅटचे दोन बल्ब असे जोडले, की दोन्ही मिळून सुमारे ६६ वॅट ओढतात आणि उजेड देतात एका बल्बच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा. बल्बमधली तार कमी तापते म्हणून टिकते; कमी तापते म्हणूनच उजेड तांबूस, मरतुकडा पडतो. डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा भाग) लावला तरी तेच: वीज निम्म्याहून जास्त लागते, उजेड तिसऱ्या हिश्शावर येतो. शंभरचा बल्ब हजार तासांत १०० युनिट जाळतो. त्या बिलापुढे बल्बची किंमत ती काय! उजेडच हवा असेल तर ९ वॅटचा एलईडी लावा, साठच्या बल्बाएवढं काम करतो.

मुळात बल्ब का उडतो ते आधी शोधा. शेतातल्या पंपाच्या मोटारी बंद झाल्या की रात्री व्होल्टेज चढतं. २३० चं २५० झालं, तर बल्बचं आयुष्य साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं. एकाच जागचा बल्ब उडत असेल तर होल्डरच्या पिना ढिल्या आहेत का ते मेन बंद करून पाहा. गिरणीजवळ असेल तर हादऱ्यानं तार तुटते. आणि घरात किंवा शेजारी काही दिवे भगभगीत, काही मंद दिसले तर बल्ब बदलत बसू नका. डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, सुटलेला असू शकतो. मेन बंद करा, लाइनमनला बोलवा. स्वतः खांबावर चढणारे महाभाग गावोगावी आहेत, त्यांनाही आवरा.

‘झीरो’चा जुना बल्ब रात्रभर फुकट जळतो, हाही गैरसमजच. तो १२-१५ वॅट घेतो.

साधा बल्ब खरा कामाचा आहे तो कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला, कारण तिथे उष्णताच हवी असते. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. इथे सिरीज म्हणजे घोडचूक: एक बल्ब उडाला की दुसराही विझतो आणि डिसेंबरच्या थंडीत पहाटेपर्यंत पिल्लं गारठतात. त्यापेक्षा कमी वॅटचे दोन बल्ब वेगवेगळ्या होल्डरवर, पॅरलल लावा, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र वीज मिळेल. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर बल्ब खाली घ्या, कडेला पळत असतील तर वर उचला.