सेल्फ फिरतो, पण ट्रॅक्टर पकडत नाही: रब्बीच्या पेरणीआधी बघून घ्या

परतीचा पाऊस थांबला की वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, मोजून चार-सहा दिवसांचा. रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान पेरून व्हायला हवी, मागोमाग हरभरा आहेच. नेमका त्याच घाईत, पावसाळाभर शेडमध्ये उभा असलेला ट्रॅक्टर नुसता घरघरतो. म्हणून पेरणीच्या आठवडाभर आधी एकदा चावी फिरवून बघा.

नाही झाला चालू, तर सेल्फ मारत बसू नका. एका वेळी दहा सेकंद, मग मिनिटभर दम घेऊ द्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. इंजिन रेंगाळत फिरत असेल तर हवा पुरेशी तापतच नाही. अशा वेळी बॅटरी चार्ज करा, टर्मिनलवरचा हिरवट-पांढरा थर गरम पाण्याने धुवा आणि आवळा.

जोमात फिरतंय तरी पकडत नाही? गिअर न्यूट्रलला ठेवून घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही सायलेन्सरकडे बघा. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येतोय, म्हणजे पोचतंय पण जळत नाही: डिझेलमध्ये पाणी, गारठा, नाहीतर नोझलचं (डिझेल फवारणाऱ्या तोंडाचं) किंवा कॉम्प्रेशनचं (हवा दाबली जाण्याचं) दुखणं. शेवटचं फिटरचं काम, बाकी बरंचसं आपल्या हातचं.

धूर नसेल तर आधी साध्या गोष्टी बघा. टाकीत डिझेल आहे ना, कॉक उघडा आहे ना, इंजिन बंद करायचा खटका ओढलेला तर नाही? हसू नका. एका वर्षी मी तालुक्याहून फिटर बोलावला. त्याने तो खटका आत ढकलला, चहा घेतला आणि पाचशे रुपये खिशात घालून गेला. चावीनेच बंद होणाऱ्या ट्रॅक्टरला फ्यूज तपासा. उंदरांनी वायर कुरतडली असेल तर तीही तिथेच कळेल.

मग येते हवा. फिल्टर बदलताना, टाकी कोरडी पडल्यावर किंवा कडक झालेल्या वॉशरमधून लाइनमध्ये हवा शिरते. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि डिझेल पुढे ढकलायचा छोटा हातपंप मारत राहा. आधी फसफसतं, मग बुडबुडे येतात, मग सलग धार लागते. धार लागली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. हेच पुढे नोझलना डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपाच्या स्क्रूवर करा. तांब्याचा वॉशर झिरपत असेल तर नवा टाका. नसेलच मिळत तर जुना चुलीत लाल करून पाण्यात बुडवा, मऊ पडतो आणि नीट बसतो.

नोझलचे नट सैल करताना मात्र जपून. तिथला दाब इतका असतो की बारीक फवारा कातडीत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा. कॉमन रेल इंजिनाच्या (ज्यात सगळ्या नोझलना एकाच भारी दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) त्या पाइपांना पाना लावूच नका. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून नवे धूर-निकष लागल्यापासून ही इंजिनं गावोगाव दिसू लागली आहेत.

पाण्याचं बघायला एक काचेची बाटली पुरते. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सोडून पेलाभर डिझेल बाटलीत घ्या, दहा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर बसला की तेच पाणी. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतली वाफ गारठ्याने आतून पत्र्याला धरते आणि ओघळून तळाशी जाते. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा, फिल्टर बदला. पुढच्या पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा करताना टाकी गच्च भरून ठेवा.

चालू होऊन पाच-दहा मिनिटांत बंद पडत असेल तर टाकीचं झाकण काढा. हवेच्या बारीक भोकात कधी धूळ, तर कधी कुंभारीण माशीने लिंपलेली माती सापडते. तारेने मोकळं करा.

सायलेन्सर उघडा राहून पाऊस आत गेला असेल आणि सेल्फ मारताच इंजिन जागीच अडकलं, तर पुन्हा मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरण्याचा उद्योगही नको.

इतकं करूनही नाही झालं तर फिटरला फोन करताना धुराचा रंग आणि हवा काढली की नाही, एवढं आधी सांगा. काय सामान बरोबर आणायचं ते त्याला कळेल.