न झालेल्या शिकागो स्पायरचं पुठ्ठ्याचं मॉडेल

आधी खड्डा करा, मनोरा नंतर. मी पहिल्यांदा उलटं केलं आणि मनोरा उभा राहिल्यावर त्याला बसवायचं कशात, हेच कळेना. शिवाय वास्तुविशारद सांतियागो कालात्रावाच्या या १५० मजली इमारतीचा प्रत्यक्षात झालेला भाग म्हणजे तो खड्डा आणि पायाच. २००७ मध्ये शिकागोत, मिशिगन सरोवराजवळ काम सुरू झालं. २००८ च्या मंदीत पैसा आटला आणि ते थांबलं ते कायमचंच.

प्रमाण १:१००० घ्या, म्हणजे एक मीटरचा एक मिलिमीटर. खड्डा सुमारे ३३ मीटर रुंद, २३ मीटर खोल होता. ३२ मिमीच्या पीव्हीसी पाइपचा २३ मिमी तुकडा कापा आणि ५ सेंमी जाड थर्माकोलमध्ये वरच्या कडेशी सपाट बसवा. तळाला लाकडाची चकती, तिच्या मधोमध ३ मिमीचं भोक. खडकापर्यंत नेलेल्या ३४ खांबांसाठी मी थर्माकोलमध्ये ३४ टाचण्याही खुपसल्या. त्या कुणाला दिसत नाहीत, पण मला माहीत आहे.

आता मनोरा. उंची ६१० मीटर, म्हणजे आपल्याकडे ६१ सेंमी. ४ मिमीच्या पुठ्ठ्याच्या १५० चकत्या लावल्या की ६० सेंमी होतात. उरलेला सेंटिमीटर टोकाला. चकत्या गोल कापू नका, गोलात पीळ दिसतच नाही. मी सात पाकळ्यांचा आकार घेतो, तळाला ६ सेंमी आणि वर जाताना निमुळता. ही मापं मात्र माझ्या नजरेची. प्रत्येक चकतीच्या मधोमध भोक पाडा आणि सगळ्या ३ मिमीच्या सरळ सळईत ओवा. खालून सळई ३ सेंमी बाहेर राहू द्या.

खरी गोम पिळात आहे. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा २.४ अंश वळलेला, म्हणजे शेंड्यापर्यंत पूर्ण एक फेरी. खालच्या चकतीवरून अंदाजानं वळवत गेलात तर फसलात: दर मजल्याला अर्धा अंश चुकला की वर ७५ अंशांची चूक. त्यापेक्षा कागदावर २४-२४ अंशांच्या १५ रेषा आखून तो मनोऱ्याखाली ठेवा. दर दहावी चकती गुण्या उभा धरून पुढच्या रेषेला जुळवा, मधल्या नऊ नजरेनं. फेविकॉलचा फक्त ठिपका लावा. भरपूर फासलं की पुठ्ठा फुगतो आणि मनोरा तिरपा वाळतो.

सळई तळाच्या भोकात चिकटवू नका. मी मनोरा कपाटावर ठेवतो आणि तळ तेवढा टेबलावर. येणारे विचारतात, 'हे पेन ठेवायला का?' मग मी मनोरा आणतो.