वस्तऱ्याच्या पट्ट्याची पन्हळ होते ती का? या चुका टाळा

वस्तरा सहाणेवर नीट पाजवलेला असूनही दाढी करताना ओढ बसत असेल, तर आधी पट्टा तपासा, म्हणजे दाढीआधी ज्यावर वस्तरा फिरवून धार नीट करतो ती चामड्याची पट्टी. पोलादी फूटपट्टी पट्ट्याच्या रुंदीवर आडवी ठेवून तिच्या कडेवर उभी धरा आणि उजेडाकडे तोंड करून बघा. मधून उजेड दिसला तर पट्ट्याची पन्हळ झाली आहे, म्हणजे कडा वर उचलल्या आहेत. फूटपट्टी दोन्ही बाजूंना डुगडुगली तर मध्ये फुगवटा आहे. पन्हळ झालेल्या पट्ट्यावर वस्तरा दोन कडांवरच टेकतो, फुगलेल्या पट्ट्यावर मधल्या रेघेवरच. दोन्हीकडे दाब थोड्या जागेत एकवटतो आणि जिभेसारखी पातळ धार तिथे बोथट होते.

याचे मूळ चामड्याच्या घडणीत आहे. वरची गुळगुळीत बाजू दाट विणीची असते, आतली मांसाकडची बाजू सैल धाग्यांची. ओलावा दोन्ही बाजूंना सारख्या वेगाने शिरत नाही आणि निघतही नाही. जी बाजू जास्त वाळते ती आखडते आणि पट्टा तिच्याकडे वळतो. पट्ट्याची सगळी निगा या एका गोष्टीभोवती फिरते: दोन्ही बाजूंना सारखी हवा, सारखा ओलावा, सारखे तेल.

भिंतीला चिकटवून टांगू नका

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला पट्टा एका बाजूने भाजतो, दुसऱ्या बाजूने नाही. कुलरसमोरची जागा तर त्याहून वाईट: दिवसभर ओली हवा, रात्री कुलर बंद झाला की कोरडी. या रोजच्या फुगण्या-आखडण्याने चांगल्या चामड्यालाही बाक येतो. न्हाणीघरातही ठेवू नका. सर्वांत सोपी जागा म्हणजे कपड्यांचे कपाट. आत हुकाला सरळ लोंबता सोडा, मागे दोन बोटे मोकळी ठेवा. गुंडाळी किंवा घडी कधीच करू नका. प्रवासात न्यायचाच असेल तर दोन पातळ फळ्यांमध्ये बांधून न्या.

सप्टेंबरच्या पावसाळी दमटपणात चामड्यावर बुरशीचे पांढुरके ठिपके दिसले, तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाऱ्यावर वाळवा. उन्हात नको.

स्वयंपाकघरातले तेल लावू नका

ही चूक सगळ्यांत जास्त होते आणि सगळ्यांत महागात पडते. आपल्याकडे हाताशी असते ते करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल. करडईचे तेल पातळ थरात हवेला उघडे राहिले की घट्ट होत जाते. म्हणूनच ते रंग-वार्निशातही वापरतात. तेलाच्या बरणीच्या तोंडाशी जो बोटाला चिकटणारा पिवळट थर जमतो, तोच चामड्याच्या रंध्रांत जमतो. मग वस्तरा अडखळतो आणि उन्हाळ्यातली धूळ पट्ट्यावर चिकटून बसते. त्या धुळीतला एक बारीक खडाही धारेचा टवका काढायला पुरेसा आहे. जवसाचे तेल याहून लवकर घट्ट होते. शेंगदाण्याचे आणि खोबऱ्याचे तेल असे आळत नाही, पण कालांतराने खवट होते आणि जास्त झाले तर चामडे लुळे पडते.

चामड्यासाठीचे नीट्सफूट तेल घ्या. ते वर्षातून दोनदा पुरते: एकदा उन्हाळा लागण्यापूर्वी, एकदा दिवाळीनंतर. चार-पाच थेंब तळहातावर घेऊन गुळगुळीत बाजूला चोळा, तेवढेच मागच्या बाजूला. रात्रभर सपाट ठेवा, सकाळी कोरड्या सुती कापडाने पुसा. एकाच बाजूला तेल दिले तर ती बाजू मऊ राहते, दुसरी आखडते आणि बाक आणखी वाढतो.

बाकीचे दिवस तेलाची गरजच नसते. वस्तरा फिरवण्याआधी स्वच्छ, कोरडा तळहात पट्ट्यावर वरून खाली दहा-पंधरा वेळा दाबून फिरवा. चामडे थोडे गरम होते, हाताचा स्निग्धपणा त्यात उतरतो आणि खडा असेल तर तो हाताला आधी कळतो.

बाक इस्त्रीने काढू नका

तापवून दाबले की चामडे कडक होते आणि नंतर तडकते. वनस्पतीच्या सालीने कमावलेल्या चामड्यासाठी रीत अशी: पट्टा ज्या बाजूला वळला आहे, म्हणजे जी बाजू खोलगट आहे, ती आखडलेली असते. कापड ओले करून घट्ट पिळा आणि फक्त त्या बाजूवरून एकदाच फिरवा. चामडे गार लागावे, ओले दिसू नये. मग वर-खाली कोरे सुती कापड घालून पट्टा दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवा आणि वर आठ-दहा किलो वजन द्या. वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते. २४ तासांनी काढून फूटपट्टीने तपासा. फरक राहिला तर पुन्हा करा, पण पाणी वाढवू नका. शेवटी दोन्ही बाजूंना दोन-दोन थेंब तेल द्या.

लाकडी फळीवर चिकटवलेल्या पट्ट्याची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा फळीच वाकलेली असते. चामडे तासण्याआधी फळीची पाठ तपासा. फळी सरळ असेल तर ८ मिलिमीटर जाड काचेवर ३२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर चामडे हलक्या हाताने घासा. शहाबादी फरशी डोळ्यांना सपाट वाटते, पण या कामाला तिचा भरवसा धरू नका.

टॉवेलचा तुकडा जोडू नका

चामड्याआधी कापडी पट्टी वापरणे चांगले, पण सोलापुरी टॉवेलचे कापड त्यासाठी नाही. त्याचे उभे फासे धारेभोवती वळतात आणि तिला गोल करतात. चादरीची उठावदार वीणही चालत नाही. घट्ट, सपाट विणीचा कॅनव्हास घ्या, साबणाने धुऊन खळ काढा आणि इस्त्री करून लावा. (इस्त्री इथे चालते.) धार घासून चकचकीत करणारी हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावायचीच असेल तर वेगळ्या कापडी पट्टीवर लावा, रोजच्या चामड्यावर नको, आणि तिच्यावरून चामड्यावर येताना वस्तरा पुसा.

पट्टा ताणून धरा, पण वस्तरा दाबू नका. सैल पट्टा धारेखाली झोळ धरतो आणि सपाट चामड्यावरही धार गोल होते. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवर उलटा, धारेवर कधीच नाही. कापडावर २० ते ३० आणि चामड्यावर ४० ते ६० फेऱ्या पुरतात.

उलटताना चुकून चीर पडलीच, तर उठलेला पापुद्रा ओढून तोडू नका. फेविबाँडसारखा रबरी गोंद काडीने अगदी थोडा आत भरा, दाबून रात्रभर ठेवा, मग ६०० नंबरच्या पेपरने तेवढीच जागा समतल करा. फेविक्विक काचेसारखे कडक होते आणि धार खाते. चीर आरपार असेल तर नवे चामडे घ्या. कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन सोलापूर जिल्ह्यालाही आहे, म्हणजे सालीने कमावलेले चामडे ओळखणारे कारागीर आपल्याकडेच आहेत. त्यांच्याकडे पाठीचा भाग मागा, अडीच ते तीन मिलिमीटर जाड, तीन इंच रुंद. पोटाकडचे चामडे स्वस्त मिळते, पण ते ताणते आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याची पन्हळ होते.