बास्केटबॉलमधले ऑल-टाइम ग्रेट कोण? वाद घालायचाय तर आधी माप ठरवा

"जॉर्डन की लेब्रॉन", म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधले मायकल जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्स, हा विषय निघाला की आमच्या ग्रुपवर पहाटेची मॅच संपल्यापासून पार जेवणाच्या वेळेपर्यंत मेसेज पडत राहतात, आणि इतकी वर्षं हे वाद घालून मला एक गोष्ट पक्की कळलीय की निम्मी भांडणं होतात कारण दोघांच्या डोक्यातला प्रश्नच वेगळा असतो. एकाला विचारायचं असतं की फायनलची सातवी मॅच आहे (सात मॅचची सिरीज, आधी चार जिंकेल ती टीम चॅम्पियन), टीममध्ये कोण हवा, आणि दुसरा वीस वर्षांच्या करिअरचा हिशोब मांडून बसलेला असतो. म्हणून कुणाचंही नाव घ्यायच्या आधी माप ठरवा. ऐन भरातला खेळ मोजायचा, की किती वर्षं टिकला ते, की टायटल्स? तिन्ही चालतात, फक्त अर्ध्या वादात माप बदलायचं नाही.

मग ते माप तपासून बघा. समजा तुम्ही म्हणालात रिंग्ज मोजा, म्हणजे चॅम्पियन टीमच्या खेळाडूंना मिळणाऱ्या अंगठ्या. रॉबर्ट हॉरीकडे 7 आहेत, ह्यूस्टनमध्ये 2, लेकर्सकडून 3, सॅन अँटोनियोत 2, म्हणजे जॉर्डनपेक्षा एक जास्तच. हॉरीने एकेक असे शॉट मारलेत की बस, मला तो मनापासून आवडतो, पण त्याला जॉर्डनच्या वर कुणीच ठेवणार नाही. मग नुसत्या रिंग्जवर भागत नाही, त्या रिंगमध्ये त्या माणसाचा वाटा किती तेही सांगावं लागतं.

"फायनलमध्ये 6-0" याचंही तसंच. जॉर्डन 6 पैकी 6, लेब्रॉन 10 पैकी 4, ऐकायला एकदम भारी वाटतं. पण 1985, 86, 87 अशी तिन्ही वर्षं जॉर्डनची शिकागो बुल्स पहिल्याच राउंडला बाहेर पडली होती, ते हरणं या आकड्यात कुठेच दिसत नाही आणि लेब्रॉन फायनलपर्यंत पोचून हरला ते मात्र दिसतं. लवकर हरणं उशिरा हरण्यापेक्षा बरं कसं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. मी स्वतः जॉर्डनलाच एक नंबरला ठेवतो, पण त्यासाठी 1988 चा सीझन काढतो: लीगमध्ये सगळ्यात जास्त स्कोअरिंग, एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) आणि बेस्ट डिफेंडर, तिन्ही एकाच वर्षात.

जुन्या खेळाडूंबद्दल बोलताना तर फार जपून. एनबीएत ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं) आणि स्टील (बॉल हिसकावणं) मोजायला सुरुवात झाली 1973-74 ला, थ्री-पॉइंट लाइन (जिच्या बाहेरून टाकलेल्या शॉटला 3 पॉइंट) आली 1979-80 ला, फायनल्स एमव्हीपी 1969 पासून. त्यामुळे बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलच्या नावावर 13 सीझनमध्ये 11 टायटल्स आहेत आणि ब्लॉक एकही नाही! ज्याने ब्लॉक करणं हीच कला केली, बॉल प्रेक्षकांत न भिरकावता हलकेच टॅप करून आपल्याच टीममेटकडे द्यायचा म्हणजे लगेच फास्ट ब्रेक (समोरचे सावरायच्या आत हल्ला), त्याच्यापुढे तो रकाना रिकामा. फायनल्स एमव्हीपीही शून्य, आणि आज त्या ट्रॉफीला नाव त्याचंच आहे.

त्याच काळातला विल्ट चेंबरलेन बघा. 2 मार्च 1962, पेनसिल्व्हेनियातलं हर्शी गाव, न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एका मॅचमध्ये 100 पॉइंट, एरवी जवळजवळ निम्मे फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) हुकवणारा माणूस त्या रात्री 32 पैकी 28 टाकतो. मॅचचं टीव्ही रेकॉर्डिंग नाही, गाजलाय तो कागदावर 100 लिहून हातात धरलेला फोटो. त्या सीझनला त्याची सरासरी 50.4, तरी एमव्हीपी रसेलला मिळालं, आणि तेव्हा मत खेळाडूच द्यायचे, म्हणजे जे दोघांशी रोज भिडत होते त्यांनी रसेलला निवडलं. माझ्या मते हा सगळ्यात वजनदार पुरावा. हां, पण समोरचा म्हणेल की रसेल आला तेव्हा लीगमध्ये फक्त 8 टीम होत्या आणि टायटलसाठी बहुतेकदा दोनच सिरीज जिंकाव्या लागायच्या, तर ते मान्य करा, कारण ते खरंच आहे. मीही म्हणूनच त्याला तिसरा ठेवतो, जॉर्डन आणि लेब्रॉननंतर.

शेवटचं म्हणजे हायलाइट्सवर वाद घालू नका, त्यात डंक दिसतात, डिफेन्स दिसत नाही. ह्यूस्टनच्या हकीम ओलाजुवॉनला टॉप टेनमध्ये घ्यायचं की नाही यावर कुणी अडून बसला तर मी त्याला 1994 च्या फायनलची सहावी मॅच अख्खी बघायला लावतो. ह्यूस्टन 86, निक्स 84, काही सेकंद उरलेत, हा शॉट पडला तर निक्स चॅम्पियन. जॉन स्टार्क्स डावीकडून थ्री मारायला उठतो आणि हकीम, सेंटर (एरवी बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) असून, लाइनपर्यंत बाहेर येऊन बोटांच्या टोकांनी तो बॉल अडवतो. मग ह्यूस्टनने सातवी मॅचही जिंकली. त्या सीझनला एमव्हीपी, बेस्ट डिफेंडर आणि फायनल्स एमव्हीपी तिन्ही हकीमच होता. तुमच्या यादीत तो अकरावा असेल तर दहावा कोण आणि का, ते सांगा.