कोकणात ऊर्जा कंपनीचं शासकीय संपर्काचं काम कसं करावं

आधी कागदावर लिहा: कोणता निर्णय कोणाच्या हातात. जमिनीचं तलाठी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी. किनाऱ्याजवळचं बांधकाम सागरी किनारा क्षेत्र प्राधिकरणाकडे. तिथे भरतीरेषा दाखवणारा १:४००० प्रमाणाचा नकाशा लागतो आणि तो मान्यताप्राप्त संस्थेनेच केलेला हवा. वीजदर ठरवतो वीज नियामक आयोग. तो अर्धन्यायिक आहे, म्हणजे न्यायालयासारखा दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतो, म्हणून सदस्यांना खासगीत भेटायला जाऊ नका. याचिका आणि लेखी हरकत हाच तिथला रस्ता.

मंत्रालयात निवेदन एका पानाचं, मराठीत. पहिल्या परिच्छेदात मागणी, मग नियमाचा क्रमांक, शेवटी जोडपत्रांची यादी. टपाल शाखेत देऊन प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. नाहीतर पुढच्या खेपेला ‘असं पत्र आलंच नाही’ ऐकायची तयारी ठेवा. पाठपुरावा कक्ष अधिकाऱ्यापासून करा, फायलीवरची टिपणी तिथूनच उठते.

खरी कसोटी पर्यावरण जनसुनावणीची. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेनुसार किमान ३० दिवसांची पूर्वसूचना लागते. या मूल्यांकनाच्या अहवालाचा मराठी गोषवारा ग्रामपंचायतीत पोचलाय का, ते स्वतः जाऊन बघा. भाषांतर बहुधा भयंकर असतं. मच्छीमार विचारणार यंत्रं थंड करून समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याबद्दल, बागायतदार आंब्याच्या मोहोराबद्दल. उत्तर देणारा तज्ज्ञ सोबत न्या, जनसंपर्कवाला नव्हे. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात, तोवर उठू नका.

पाकीट देणं हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्यासाठीही गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद. जैतापूरच्या अणुऊर्जा आणि दाभोळच्या वीज प्रकल्पाच्या जुन्या फायली मात्र जरूर वाचा.