सवय एकच धरा, आणि ती गाडीला बांधा

गुढीपाडव्याला पाच संकल्प केले की अक्षयतृतीयेपर्यंत त्यातला एकही शिल्लक राहत नाही. म्हणून वर्षाला एक, फार तर दोन सवयी घ्या. तिशीत हा वेग गोगलगाईचा वाटतो. साठीला मागे वळून मोजलं की आकडा बरा भरतो.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांची १२ आठवडे पाहणी केली. २००९ साली आलेल्या निष्कर्षांत सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता, मध्यक ६६ (बारा आठवड्यांपलीकडचे आकडे नोंदींवरून काढलेला अंदाज). व्यायामाला जास्त वेळ लागला, पाणी पिण्यासारख्या गोष्टीला कमी. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही.

आता समजा वाचनाची सवय लावायची आहे. ‘रोज वाचेन’ असं ठरवलं तर ते राहून जाणारच, कारण ‘रोज’ म्हणजे नेमकं कधी? त्याऐवजी ठाण्याहून वाशीची गाडी पकडत असाल तर ऐरोली आलं की पुस्तक उघडायचं, एवढंच ठरवा. मोबाइल आधीच सॅकच्या तळाशी, पुस्तक वरच्या कप्प्यात. पुस्तक पातळ हवं, उभ्याने एका हातात धरता आलं पाहिजे. मोजून चार पानं. घणसोलीलाच संपली तरी पहिले दोन महिने पाचवं पान नाही. उत्साहात तीस पानं वाचलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी चार वाचायचाही कंटाळा येतो. कामाचे अडीचशे दिवस धरले तर हजार पानं होतात. पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही, ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे.

वाचलेलं टिकवायचं तर रात्री पुस्तक न उघडता दोन ओळी लिहा. त्याच ओळी रविवारी आणि महिन्याने पुन्हा आठवून पाहा.

सवय मोडते ती बहुधा घरून काम असलेल्या दिवशी. गाडी नाही, म्हणजे ऐरोलीही नाही. त्या दिवसांसाठी दुसरी खूण आधीच ठरवून ठेवा: सकाळचा चहा संपला की पुस्तक. सलग दोन आठवडे जमलं नाही, तर वेळ बदलत बसू नका, पानं निम्मी करा.

वयानुसार सवयीचं रूप बदलावं लागतं. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराची चढण गुडघ्यांना झेपेनाशी झाली, तर त्याच वेळेला तलावपाळीला तलावाभोवती फेऱ्या मारा. वेळ तीच ठेवली की नव्याने सुरुवात करावी लागत नाही.

दुसरी सवय कधी घ्यावी? पहिली चुकल्यावर चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं की. मात्र गाडीला बांधलेली सवय जून-जुलैत सुरू करू नका. रुळांवर पाणी साचून वेळापत्रक कोलमडतं आणि खूण पक्की व्हायच्या आधीच हरवते. गणपती झाल्यावर सुरू करा.